फिल्टरला मराठी विसरायला लावू नका

मेल सर्व्हरवर मेमरी कमी पडायला लागली की पहिला आरोप स्पॅम फिल्टरवर येतो आणि पहिला सल्लाही ठरलेला असतो: ‘त्याचं शिकणं बंद करा.’ माझा याला विरोध आहे. साहित्याच्या विद्यार्थिनीने यात का पडावं? कारण प्रश्न भाषेचाही आहे.

खूप वापरला जाणारा स्पॅमअसॅसिन घ्या. तो प्रत्येक मेलला गुण देतो. मूळ सेटिंगमध्ये बेरीज 5 झाली की मेल स्पॅम. गुण येतात ते तयार नियमांतून आणि बेज पद्धतीतून. शब्दांवर चालणारे बहुतेक तयार नियम इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. बेज मात्र आपण दाखवलेल्या मेलांतून शिकतो. निदान 200 चांगले आणि 200 स्पॅम मेल पाहिल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. ‘कविता पाठवत आहे’, ‘नाताळच्या कार्यक्रमाला यावे’ ही घरचीच वाक्यं आहेत, हे फिल्टरला कळायची वाट हीच.

आता हिशेब बघू. बेजचा साठा मुळात 1,50,000 शब्दतुकड्यांवर छाटला जातो. ती फाइल साधारण 8 एमबीची, तीही डिस्कवर. मग मेमरी जाते कुठे? स्पॅमडी एकाच वेळी अनेक प्रक्रिया चालवतो. मूळ मर्यादा 5. ती वाढवून ठेवली की खर्च वाढतो. मोठा मेल तपासताना प्रक्रिया फुगते आणि पर्ल एकदा घेतलेली मेमरी सहसा परत देत नाही. त्यात ‘टॉप’चा आकडा फसवा: सामायिक मेमरी तो प्रत्येकीच्या नावावर पुन्हा मोजतो. पाच भावंडांनी एकच घर आपलं म्हणून सांगावं आणि आपण पाच घरं लिहून घ्यावीत, तसं.

म्हणून आधी आकडा नीट वाचा. मग प्रक्रिया कमी करा, एकीने किती मेल तपासून थांबायचं ती 200 ची मर्यादा उतरवा, तपासायच्या मेलचा आकार वाढवला असेल तर मूळ 500 केबीवर आणा. गर्दीच्या वेळी मेल जरा उशिरा येतील, हे खरं. पण उशिरा आलेली कविता वाचता येते; स्पॅममध्ये पडलेली कुणी उघडतही नाही.

आपल्याकडूनही एक काम हवं. स्पॅममध्ये अडकलेली मराठी पत्रं फिल्टरला ‘चांगली’ म्हणून शिकवायची सोय अ‍ॅडमिनकडे मागू या, आणि ती नेमाने वापरू या.