निळ्या पंपाचा हिशेब

‘पंप एकदा सुरू झाला की सुटत नाही.’ दम्याच्या पेशंटला ही ताकीद डॉक्टरच्या आधी शेजारीण देते. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असतील, तर पंप कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो. गोळ्या मात्र बिनदिक्कत चालू. गंमत बघा, साल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते आणि पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा हिस्सा. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध थेट श्वासनळीत उतरतं. तरी ‘स्ट्राँग’ म्हणून बदनाम पंपच!

पण माझं खरं भांडण आहे ते फक्त हा साल्ब्युटामॉलचा निळा पंप वापरणाऱ्यांशी. तो आवळलेल्या नळीचे स्नायू सैल करतो, पाच-दहा मिनिटांत मोकळं वाटतं, चार-सहा तासांत पुन्हा पहिले पाढे. नळीच्या आतल्या सुजेला तो हातही लावत नाही. ती उतरवतो स्टिरॉइडचा पंप, तोही सावकाश. ओढल्या ओढल्या काही जाणवत नाही, म्हणून ‘आता बरं आहे’ म्हणत लोक आधी तोच बंद करतात. सूज आत तशीच, आणि मग थंडीतली पहाट, फटाके, उदबत्ती, साधी सर्दी, काहीही निमित्त पुरतं.

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या ‘जिना’ने २०१९ मध्येच सांगितलं की मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. वर्षाला तीन निळे पंप संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो; बारा संपत असतील तर जिवाचा. आपल्याकडे हा हिशेब ठेवतो कोण? रिकामा पंप काउंटरवर ठेवला की मेडिकलवाला नवा काढून देतो. मृग लागला की दमा जावा म्हणून हैदराबादला जिवंत मासा गिळायला रांगा लागतात, त्यावर आपण पोटभर हसतो, इतकंच.

पुढच्या खेपेला पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवा. तोंडाच्या कडेने पांढरा फवारा बाहेर आला, तर औषध हवेत गेलं. मग पंपाला जोडायचा स्पेसर मागून घ्या. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरा, नाहीतर जिभेवर बुरशीचा पांढरा थर येतो आणि पंप सोडायला आणखी एक सबब मिळते.