नट खांद्याने नको, आकड्याने आवळा



आज फवारणीचा मेसेज नाही, तो उद्या सकाळी येईल. आज नट-बोल्टबद्दल लिहितेय. कृषी पदविकावाल्या पोरीचं यात काय काम, असं काही काका म्हणतील. म्हणू द्या.

आमच्या घरी बाबांची जुनी जीप आहे. गेल्या वर्षी मागच्या ॲक्सलचं ऑइल सील बदललं. परत जोडताना हबचा मोठा नट पाइप लावून आवळला. स्प्लिट पिनचं भोक जुळेना, म्हणून नट थोडा मागे फिरवला आणि पिन घातली. महिन्याभरात चढावर क्लच सोडला की मागून 'टक्' आवाज यायला लागला. उघडून बघितलं तर चावी कापलेली आणि हबची खाच रुंदावलेली. हब नवा, शाफ्ट नवा. मेकॅनिक वाईट नव्हता, चांगला जुना हात होता. पण हाताला आकडा कळत नाही.

या जुन्या ॲक्सलमध्ये शाफ्टचं टोक निमुळतं असतं. हब त्या निमुळत्या भागावर घट्ट चढतो आणि ती पकडच चाक फिरवते. चावी फक्त जोडीला असते. नट ढिला राहिला की सगळा भार चावीवर येतो आणि ती कापली जाते. म्हणून निमुळता भाग स्वच्छ, कोरडा हवा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळायचा, मागे कधीच फिरवायचा नाही.

जीप सगळ्यांकडे नाही, ट्रॅक्टर आहेत. तिथेही गोष्ट तीच. मागच्या चाकाचा बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणतो आणि डिस्क हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे चाक जागचं हलत नाही. ढिलं राहिलं तर डिस्क सरकते, भोकं लांबट होतात, बोल्ट तुटतात. फार आवळलं तर बोल्ट इतका ताणतो की परत मूळ लांबीवर येत नाही, आटे जातात आणि पुढे कधीतरी भरल्या ट्रॉलीसकट दगा देतो.

आता हिशोब बघा. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ३० किलो जोर लावला तर ९ किलो-मीटर, म्हणजे साधारण ८८ न्यूटन-मीटर. तोच माणूस १ मीटरच्या पाइपवर ७० किलोचं सगळं वजन टाकून उभा राहिला तर जवळपास ६९० न्यूटन-मीटर. माणूस एकच, बोल्ट एकच, फरक आठपटीच्या आसपास. आणि दोन्ही वेळा आपण म्हणणार, "चांगला आवळलाय."

औषध आपण पंपामागे मिलीने मोजतो. झाकणभर जास्त पडलं तर मला रात्री दहाला फोन येतो. मग ज्या चाकाशेजारी मडगार्डवर पोरं बसतात (बसवू नका, ते वेगळं), त्याचे नट अंदाजाने का?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्या अवजार बँकेत एक मोठ्या रेंजचा टॉर्क रेंच घ्यावा. कारवाला छोटा नको, तो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पुरत नाही. महाग आहे, मान्य. म्हणून तर एकट्याने न घेता कंपनीने घ्यायचा. आणि त्याने नट सोडवायचा नाही, फक्त आवळायचा. 'कट्' वाजला की थांबायचं. ठेवताना सेटिंग खाली आणायचं, नाहीतर वर्षभरात तोही अंदाजच सांगायला लागेल.

तोवर एक जुगाड. माल तोलायचा लटकता काटा पान्याच्या दांड्यात, नटापासून मोजून १ मीटरवर अडकवा आणि दांड्याला काटकोनात ओढा. २५ किलो दाखवलं म्हणजे सुमारे २४५ न्यूटन-मीटर. रेंचइतकं अचूक नाही, पण खांद्यापेक्षा कितीतरी बरं. किती आवळायचं तो आकडा मात्र तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून नको.

आटे ब्रशने साफ करा. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर तेल-ग्रीस लावू नका. तेलकट आट्यावर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. नट ओळीने नको, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. जुना ट्रॅक्टर रंगवून घेतला असेल तर डिस्क जिथे हबला टेकते तिथला जाड रंग खरवडून काढा. तो रंग कामात दबतो आणि नट आपोआप ढिले पडतात. चाक काढून बसवल्यावर तासभर कामाने परत तपासा, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. हे शेवटचं फार कमी जण करतात. बाबाही करत नव्हते.

अवजार बँकेच्या पुढच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे. तुमच्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमधल्या मागच्या चाकाच्या टॉर्कच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा, सोबत मॉडेलचं नाव लिहा. सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात करून अवजार बँकेच्या भिंतीवर लावते.