बोथ्याच्या घाटातील वणवे आणि आपल्या गाड्या

बुलढाणा-खामगाव रस्ता बोथ्याजवळ ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे हे जंगल उन्हाळ्यात वाळते, वणवे लागतात. दोष नेहमी मोहफुले वेचणाऱ्यांवर जातो. ते झाडाखालचा पाला जाळतात, हे खरे. पण आपल्या मालाच्या गाड्याही याच घाटातून जातात, आणि पेटती बिडी बाहेर फेकणारा हात आपल्यापैकीही कोणाचा असतो. गवत जळाले की गुरे उपाशी. उघडी माती पहिल्या पावसात वाहून तलावात बसते, शेताला पाणी कमी पडते. शेतकऱ्याचा हात रिकामा राहिला तर ईद-दिवाळीला आमचे कापड घेणार कोण? २०१९ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघाचे कौतुक खूप झाले, त्याच्या जंगलाची फिकीर कमी. ट्रान्सपोर्टवाल्या बांधवांनी १५ फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत घाटात बिडी-सिगारेट बंद, असे आपल्या ड्रायव्हर-क्लीनरना बजावावे. याला सरकारी हुकूम लागत नाही.