गोळी एकच, परिणाम वेगळा का?

‘शेजारच्या काकांना हीच गोळी वर्षभर चालली; मग आमच्या आईचेच हात का थरथरू लागले?’ असा प्रश्न कुटुंबीय अनेकदा विचारतात. त्याचे उत्तर गोळीत जितके आहे, तितकेच ती घेणाऱ्याच्या शरीरातही आहे.

मेंदूतील डोपामिन हे रसायन आपल्या हालचालींवर नियंत्रण ठेवते. काही औषधे त्याच्या कार्यात अडथळा आणतात. मानसिक आजारांवरील काही औषधे त्यांत प्रमुख होत. परंतु उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड, चक्कर थांबवणारी प्रोक्लोरपेराझिन व सिनारिझिन आणि पित्ताच्या काही कॅप्सूलमध्ये असणारे लेव्होसल्पिराइड ही औषधेही त्यांतच मोडतात. हातांचा कंप, मंदावलेली चाल, निर्विकार चेहरा, ओठ किंवा जिभेची आपोआप होणारी हालचाल ही या दुष्परिणामाची लक्षणे होत.

वयानुसार डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे वृद्धांना थोडा अडथळाही जाणवतो. स्त्रिया व मधुमेही यांना धोका अधिक असतो. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असल्यास मेटोक्लोप्रमाइड व लेव्होसल्पिराइड शरीरात साचत राहतात. काही भाग आनुवंशिकही आहे. मेटोक्लोप्रमाइडसारख्या औषधांचे विघटन करणारे यकृतातील ‘सीवायपी२डी६’ हे विकर काहींमध्ये जन्मतःच दुर्बल असते. नेहमीचा डोसही त्यांना जास्त ठरतो. कधी सुप्तावस्थेतील पार्किन्सनचा आजार औषधामुळे उघड होतो. जनुकीय चाचणीची सहसा गरज नसते. पण घराण्यात कोणाला कंपवात असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मेटोक्लोप्रमाइड १२ आठवड्यांहून अधिक काळ देणे टाळावे, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००९ मध्येच दिला. जुनी चिठ्ठी दाखवून तीच कॅप्सूल महिनोन्‌महिने आणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कंप दिसताच ‘वयोमानाने होतेच’ असे म्हणून सोडून देऊ नये. पित्ताच्या व चक्करेच्या गोळ्यांसह सर्व औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत; अन्यथा एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध सुरू होते. मानसिक आजारावरील औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. कारणीभूत औषध थांबवल्यावर कंप व मंदपणा बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. ओठ-जिभेच्या हालचाली मात्र कायम राहू शकतात. म्हणून घरच्यांनी त्या लवकर ओळखणे महत्त्वाचे आहे.