नो कॉस्ट ईएमआयवर फोन घेताय? आधी सहा महिने स्वतःलाच हप्ता भरा

हप्ता थकला म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीने तुमचा फोन दुरूनच लॉक केला तर? सप्टेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली, की रिझर्व्ह बँक अशी परवानगी देण्याचा विचार करत आहे. काही कंपन्या आधी हे करतच होत्या. कर्ज देताना फोनमध्ये एक ॲप टाकायचं आणि हप्ता चुकला की फोन बंद. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये हा प्रकार थांबवायला सांगितलं होतं.

या बातमीवर प्रायव्हसीची चर्चा भरपूर झाली आणि ती व्हायलाच हवी. पण मला त्यातला दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपला यूपीआय, ओटीपी, ऑफिसचं काम, डिलिव्हरी किंवा कॅबची ड्युटी सगळं याच फोनवर चालतं. फोन बंद म्हणजे अनेकांची कमाई बंद, आणि कमाई बंद तर हप्ता भरायचा कशातून? म्हणून नियम पुढे काहीही होवो, फोन हप्त्यावर घेण्याआधी तो आपल्याला झेपतो का, हे स्वतः तपासणं गरजेचं आहे.

‘नो कॉस्ट’ म्हणजे नेमकं काय?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज असतंच, फक्त ते कोण भरतं आणि कुठे दिसतं एवढाच फरक.

एक उदाहरण घेऊ. फोन ६०,००० रुपयांचा, क्रेडिट कार्डवर सहा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के. यात विक्रेता साधारण २,५४० रुपये डिस्काउंट देतो, बँक ५७,४६० रुपयांचं कर्ज धरते आणि व्याज लावून १०,००० रुपयांचे सहा हप्ते घेते. बेरीज पुन्हा ६०,०००! पण क्रेडिट कार्डच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे ४५७ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ रुपये धरली तर जीएसटीसह आणखी २३५. झाले जवळपास ७०० रुपये.

ही रक्कम मोठी नाही, हे मान्य. पण दुकानात जाऊन विचारा, "एकरकमी दिले तर किती कमी कराल?" तिथे जी सूट मिळते तीही या ७०० मध्ये मिळवा, मग खरी किंमत कळेल. ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर लिहिलेला असतो. ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी तेवढा आकडा तरी बघा.

‘यू आर एलिजिबल’ कुणाच्या हिशोबाने?

समजा पगार २२,००० रुपये. रूम आणि मेस ११,०००, प्रवास २,०००, घरी ४,०००. उरले ५,०००. तोच फोन बारा महिन्यांवर घेतला तर हप्ता येतो साधारण ५,००० रुपये. ॲप हिरवी टिक दाखवून मोकळं होतं. त्याला तुमचा पगार आणि स्कोअर कळतो, पण बहिणीची फी किंवा आईचं औषधपाणी कळत नाही. एका महिन्यात दवाखाना निघाला की ऑटो-डेबिट बाउन्स. मग तुमची बँक वेगळा चार्ज लावते आणि कर्ज देणारी कंपनी वेगळा.

याचा डाग क्रेडिट रिपोर्टवरही पडतो. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात. जानेवारी २०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना ही माहिती दर पंधरा दिवसांनी अपडेट करावी लागते, त्यामुळे चुकलेला हप्ता पटकन दिसतो. चार-पाच वर्षांनी गाडी किंवा घरासाठी कर्ज मागाल, तेव्हा आजच्या फोनचे हप्ते बँकेसमोर असतील. अर्थात वेळेवर भरलेले हप्ते तिथे तुमच्या बाजूनेही बोलतात.

आणि एक. स्वतःला कर्ज मिळत नाही म्हणून बाबांच्या नावावर किंवा मित्राच्या कार्डवर फोन घेणारे बरेच आहेत. हप्ता तुम्ही चुकवला तरी स्कोअर त्यांचा पडतो. बाबांना उद्या शेतीसाठी किंवा घरदुरुस्तीसाठी कर्ज लागलं, तर अडचण त्यांची होणार.

मग करायचं काय?

माझा सल्ला साधा आहे: जो हप्ता कंपनीला देणार आहात, तो आधी सहा महिने स्वतःला द्या. पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशी ५,००० रुपये बँकेच्या ॲपमधून रिकरिंग डिपॉझिटला लावा.

सहा महिने न मोडता जमलं तर हातात ३०,००० आणि थोडं व्याज असेल. मग अर्धी किंमत रोख देऊन बाकीचा छोटा हप्ता घ्या किंवा अजून थांबा. तोवर नवं मॉडेल आलं तर हाच फोन स्वस्तही होऊ शकतो. तिसऱ्याच महिन्यात आरडी मोडावी लागली तर तो हप्ता झेपत नव्हता, हे बाउन्स चार्ज न भरताच कळलं.

सोबत दोन कामं करा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात, तो तपासा. स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. मात्र एकाच आठवड्यात पाच ॲप्सवर कर्जासाठी अर्ज करू नका, त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते. दुसरं, कर्ज देणारं ॲप कॉन्टॅक्ट्स किंवा फोटो गॅलरीची परमिशन मागत असेल तर तिथेच थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यांना ती घेता येत नाही.

कामासाठी फोन आजच हवा असेल तर नक्की घ्या, पण १५,००० च्या फोनवरही यूपीआय, मॅप आणि मीटिंग चालतात. ६०,००० वाला आरडी पूर्ण झाल्यावर बघू.