अर्थाविना राबणारे क्रियापद

इंग्रजीतील ‘डू’ या क्रियापदाचा ‘करणे’ हा अर्थ शाळेतच पाठ होतो. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य दिसते ते प्रश्नार्थक व नकारार्थी वाक्यांत, जेथे त्याला स्वतःचा अर्थ उरत नाही आणि ते केवळ साहाय्यक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाऐवजी काळाची व पुरुषाची खूण वाहणारे पद, म्हणून उभे असते. पूर्वीच्या इंग्रजीत प्रश्न विचारताना मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी येई. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘नो यू’ आणि ‘डू यू नो’ या दोन्ही धाटणीच्या रचना सुखाने नांदतात. स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगार्ड यांनी 1953 मध्ये या स्थित्यंतराचा आलेखच मांडला. विशेष म्हणजे, सोळाव्या शतकात साध्या होकारार्थी वाक्यांतही सहज येणारे हे ‘डू’ तेथून पुढे ओसरले आणि आता ठासून सांगण्यापुरतेच राहिले. वेल्श, कॉर्निश या केल्टिक भाषांच्या संपर्कातून ते रुजले, हे मत आकर्षक खरे. पण इंग्रजीतील लेखी पुरावा त्या संपर्काच्या आरंभानंतर कित्येक शतकांनी मिळत असल्याने ते निर्विवाद मानता येत नाही.