व्हीपीएन चालू, प्रिंटर बंद : घरच्या नेटवर्कवर विश्वास किती ठेवायचा?

घरून काम करणाऱ्या मुलामुलींकडून एक तक्रार कायम ऐकू येते. कंपनीचा व्हीपीएन जोडला की ऑफिसचं सगळं दिसतं, इंटरनेटही चालतं, पण शेजारच्या टेबलावरचा वायफाय प्रिंटर गायब होतो. घरच्या हार्डडिस्कवरच्या फाइल्स उघडत नाहीत, टीव्हीवर काही कास्ट होत नाही. मग व्हीपीएन बंद करायचा, प्रिंट काढायची आणि पुन्हा जोडायचा. ज्यांच्या लॅपटॉपवर तो बंद करण्याची सोयच नसते, ते फाइल स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात आणि फोनवरून प्रिंट काढतात. नाहीतर थेट नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवतात. त्या फाइलमध्ये कुणाचा पगार असतो, कुणाचा वैद्यकीय रिपोर्ट, कुणाचं आधार कार्ड.

म्हणजे सुरक्षेसाठी दार इतकं घट्ट लावलं की माणसं खिडकीतून ये-जा करू लागली. याची मोठी जबाबदारी कंपन्यांवर आहे असं माझं मत आहे. पण वापरणाऱ्यानेही समजून घ्यावी अशी एक गोष्ट यात आहे, आणि ती आपल्या वस्त्यांमध्ये जरा जास्तच लागू पडते.

आधी हे घडतं कसं ते पाहू. तुमच्या लॅपटॉपकडे रस्त्यांची एक यादी असते. कुठल्या पत्त्याचं पाकीट कुठल्या वाटेने पाठवायचं, हे त्या यादीवरून ठरतं. व्हीपीएन जोडला की यादीत 'सगळं माझ्याकडे द्या' अशी नोंद येते. मात्र दोन नोंदी जुळत असतील तर जास्त नेमकी नोंद जिंकते. तुमचा प्रिंटर १९२.१६८.१.५० वर असेल, तर '१९२.१६८.१ ने सुरू होणारं सगळं इथेच, घरात' ही नोंद त्या सरसकट नोंदीपेक्षा नेमकी असते. त्यामुळे नुसत्या व्हीपीएनने प्रिंटर तुटायला नको. तो तुटतो, कारण बहुतेक कंपन्यांचं सॉफ्टवेअर वरून एक फायरवॉल लावतं : बोगद्याबाहेर काहीच जाऊ द्यायचं नाही, घरातल्या घरातसुद्धा नाही.

कधी दोष फायरवॉलचा नसून नावाचा असतो. प्रिंटरचं नाव शोधायला लॅपटॉप घरातल्या सगळ्या उपकरणांना एकदम हाक मारतो, आणि ही हाक बोगद्यातून पलीकडे जात नाही. अशा वेळी नावाऐवजी आकड्यांचा पत्ता देऊन प्रिंटर जोडला की तो मुकाट्याने चालू लागतो. आणखी एक गंमत पत्त्यांच्या टकरीची. खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीनच गट राखून ठेवलेले आहेत आणि सगळं जग तेच वापरतं. तुमच्या घरीही १९२.१६८.१ आणि ऑफिसच्या एखाद्या शाखेतही तेच असेल, तर लॅपटॉपने कुणाचा प्रिंटर समजायचा? राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन घरचा गट बदलून १९२.१६८.८७ असा काहीतरी आडवळणाचा केला की हा वाद मिटतो.

आता कंपन्यांकडे येऊ. स्थानिक नेटवर्क बंद ठेवण्यामागची त्यांची भीती खोटी नाही. घरातला स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरा, कधीच अपडेट न झालेला टीव्ही, कारखान्यातून आलेलाच पासवर्ड ठेवलेला राऊटर, ही सगळी त्याच नेटवर्कवर असतात. २०१६ साली 'मिराई' या बॉटनेटने अशाच कॅमेऱ्यांना आणि राऊटरना त्यांच्या मूळ पासवर्डने ताब्यात घेतलं आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. अशा उपकरणांशेजारी बसलेला लॅपटॉप थेट ऑफिसच्या आतल्या सर्व्हरशी जोडलेला असणं ही सुरक्षा टीमची झोप उडवणारी गोष्ट आहे, हे मान्य.

पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काय झालं ते आठवा. सगळे घरून काम करू लागले, व्हीपीएनवर ताण आला, तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टने सल्ला दिला की आमच्या ऑफिस सेवांची वाहतूक व्हीपीएनबाहेरून थेट जाऊ द्या. याला स्प्लिट टनेलिंग म्हणतात. अनेक कंपन्यांनी ते केलंही. कंपनीची अडचण झाली तेव्हा बोगद्याला फाटा फोडता आला, पण कर्मचाऱ्याच्या एका प्रिंटरसाठी तोच फाटा धोकादायक ठरतो. हे मला पटत नाही. एका पत्त्यावरच्या एका प्रिंटरला परवानगी देणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सिस्कोच्या एनीकनेक्टमध्ये स्थानिक नेटवर्क उघडण्याचा पर्याय वर्षानुवर्षं आहे, फक्त तो अ‍ॅडमिनने पलीकडून मान्य करावा लागतो. तुम्ही इकडे टिचकी मारून भागत नाही.

स्वतःच्या पैशाने घेतलेल्या व्हीपीएनमध्ये मात्र ती टिचकी तुमच्याच हातात असते. मुलवाडमध्ये 'लोकल नेटवर्क शेअरिंग' नावाचं बटण आहे, टेलस्केलमध्ये एक्झिट नोड वापरताना लॅनची परवानगी वेगळी देता येते, वायरगार्डमध्ये तर कुठले पत्ते बोगद्यातून जातील याची यादीच तुम्ही लिहिता. बटण दिसलं की आपण ते दाबतो, प्रिंट निघते आणि विषय संपतो.

तो तिथे संपू नये. 'स्थानिक' म्हणजे 'आपलं' असं आपण धरून चालतो. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोक्यात एक स्वतंत्र घर असतं : एक कुटुंब, एक राऊटर. आता मुंब्र्यातली, भिवंडीतली किंवा मालेगावातली एखादी इमारत डोळ्यांसमोर आणा. एक कनेक्शन, तीन घरं, बिल वाटून घेतलेलं. पासवर्ड खालच्या मोबाइल दुकानदारालाही माहीत, कारण राऊटर त्यानेच बसवून दिला. पुण्यात शिकणाऱ्या मुलांच्या हॉस्टेलवर एकाच वायफायवर शंभर पोरं. तिथे 'स्थानिक नेटवर्कला परवानगी द्या' या वाक्याचा अर्थ प्रिंटरला परवानगी एवढाच उरत नाही. सगळ्या मजल्याला आपल्या लॅपटॉपचं दार वाजवता येतं. शेजाऱ्यावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. शेजारी चांगलाच असतो, त्याच्या मुलाच्या फोनवर कुठलं चोरीचं अ‍ॅप आहे याची त्यालाही कल्पना नसते.

ही भीती कागदी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संशोधकांनी 'टनेलक्रॅक' नावाने काही त्रुटी जाहीर केल्या. त्यातली एक याच सवलतीवर बेतलेली होती. कुठला पत्ता स्थानिक आहे हे तुमच्या फोनला वायफाय सांगतं. एखाद्याने फसवं वायफाय उभं करून एखाद्या खऱ्या वेबसाइटचाच पत्ता 'स्थानिक' म्हणून सांगितला, तर फोन त्या वेबसाइटकडे जाणारी वाहतूक बिनदिक्कत बोगद्याबाहेर सोडतो. आयफोन आणि मॅकवरची बहुतेक व्हीपीएन अ‍ॅप यात सापडली, अँड्रॉइडवर साधारण एक चतुर्थांश. वेबसाइट एचटीटीपीएसवर असेल तर मजकूर तरीही झाकलेला राहतो, पण तुम्ही कुठे जाता हे उघडं पडतं. उपाय साधा आहे : फक्त राखीव खासगी गटातले पत्तेच स्थानिक मानायचे. चांगल्या कंपन्यांनी तशा दुरुस्त्या केल्या. तुमचं अ‍ॅप त्यानंतर अपडेट झालेलं नसेल, तर ती दुरुस्ती तुमच्यापर्यंत आलीच नाही.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल थोडक्यात. प्रिंटर चालत नाही म्हणून कंपनीचा सोडून दुसरा, 'सगळं चालू ठेवणारा' फुकट व्हीपीएन टाकणारेही मी पाहिलेत. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने '९११ एस५' नावाचं जाळं मोडलं. त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते गुंतले होते, आणि लोकांच्या संगणकांत ते शिरलं होतं ते मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा फुकट अ‍ॅपमधून. तुमच्या घरचा पत्ता दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी भाड्याने गेला, तर पोलिसांना उत्तर द्यायला तुम्हीच उभे असणार. आपल्या पोरांना ही चैन परवडणारी नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? प्रिंटरला यूएसबी केबल जोडा. हास्यास्पद वाटेल, पण केबल नेटवर्कमध्ये येतच नाही, त्यामुळे व्हीपीएनची फायरवॉल तिला अडवत नाही. कंपनीने यूएसबीही बंद केलं नसेल तर दोनशे रुपयांच्या आसपास काम होतं. वायफाय वाटून घेत असाल तर स्वतःचा छोटा राऊटर मध्ये बसवा, म्हणजे तुमची उपकरणं इतर घरांना सहज दिसणार नाहीत. प्रवासात, हॉस्टेलवर, कॅफेत ते स्थानिक परवानगीचं बटण बंद. स्वतःच्या घरी, स्वतःच्या राऊटरवर, पासवर्ड बदललेला असेल तर चालू.

आणि कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटीकडे तिकीट टाका. आपल्याकडे घरातली पहिलीच ऑफिसात काम करणारी पिढी आहे अशी कितीतरी मुलं आहेत. प्रश्न विचारला तर 'याला एवढंही येत नाही' असं वाटेल म्हणून ती गप्प राहतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचा रस्ता धरतात. पुढे तीच फाइल बाहेर गेल्याचं निघालं तर नोटीस त्यांच्याच नावाने येते, धोरण लिहिणाऱ्याच्या नाही. तिकिटात रडगाणं नको, तीन ओळी पुरतात : 'व्हीपीएन जोडल्यावर घरच्या नेटवर्कवरच्या प्रिंटरला पोहोचता येत नाही. प्रिंटरचा स्थिर पत्ता अमुक आहे. फक्त या पत्त्यासाठी स्थानिक प्रवेश मिळावा, किंवा ग्राहकांची कागदपत्रं छापण्याची मान्य पद्धत लेखी कळवावी.' शेवटचं वाक्य गाळू नका. परवानगी नाकारायची असेल तरी त्याचं उत्तर त्यांना लिहूनच द्यावं लागेल.